ऑपरेशननंतरचा एक्स-रे आणि त्यानंतरचं वर्ष

ऑर्थोपेडिक्सचा एमएस तीन वर्षांचा असतो. मांडीचं हाड मोडलेला माणूस इमर्जन्सीच्या रात्री आला की पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर त्याला ट्रॅक्शन (पाय ताणून धरणारं वजन) लावतो, रक्ताची सोय करतो, भूलतज्ज्ञांच्या मागे फिरून फिटनेस मिळवतो, ऑपरेशनमध्ये तासन्‌तास पाय धरून उभा राहतो. दुसऱ्या दिवशी तोच ड्रेसिंग करतो, बाराव्या-चौदाव्या दिवशी तोच टाके काढतो. मग रुग्ण गावी जातो आणि डॉक्टरचं युनिट बदलतं. रुग्ण सहा महिन्यांनी तपासायला आलाच, तर ओपीडीत त्या दिवशी बसलेला डॉक्टर दुसराच असतो. ज्याने ती रात्र काढली, त्याला तो माणूस पुढे कसा चालला हे बहुतेक वेळा कधीच कळत नाही.

मी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात निवासी डॉक्टरांना शिकवते. आमच्याकडे शिकवणं कमी होतं, असं मला म्हणायचं नाही. उलट एवढ्या गर्दीत इतकं शिकवलं जातं याचा मला अभिमान आहे. पण आमच्या सगळ्या शिकवण्याची नजर ऑपरेशननंतरच्या पहिल्या एक्स-रेपाशी येऊन थांबते. अस्थिरोगशास्त्रात खरी परीक्षा तिथून पुढे सुरू होते. अभ्यासक्रमात नेमकी तीच बाजू रिकामी आहे, आणि ती भरायला हवी, असं मला फार मनापासून वाटतं.

आधी जे उत्तम चालतं त्याबद्दल. आमच्या विषयातला सगळ्यात चांगला वर्ग कुठल्याच वेळापत्रकात ‘वर्ग’ म्हणून नोंदलेला नसतो. सकाळची एक्स-रे मीटिंग. आठच्या आसपास सगळे जमतात. आदल्या चोवीस तासांत कॅज्युअल्टीत आलेलं प्रत्येक फ्रॅक्चर तिथे मांडायचं असतं. पूर्वी फिल्म व्ह्यू-बॉक्सवर लावत, आता पडद्यावर दिसते. मांडायची रीत तीच आहे. रात्रभर जागलेला जेआर (ज्युनिअर रेसिडेंट, म्हणजे निवासी डॉक्टर) उभा राहतो आणि सांगू लागतो: कुठल्या भागाचा एक्स-रे, कुठले व्ह्यू, वरचा आणि खालचा सांधा दिसतोय की नाही, मग फ्रॅक्चर कुठे, कसं, किती सरकलेलं.

मे महिन्यात यात एक केस हटकून असते. सुट्टीत झाडावरून किंवा ओट्यावरून पडलेलं पाच-सहा वर्षांचं पोर, कोपराच्या वरचं हाड मोडलेलं. सुप्राकाँडायलर. जेआर गार्टलंडच्या वर्गीकरणाप्रमाणे टाइप थ्री, म्हणजे हाड पूर्ण सरकलेलं, असं सांगतो. हे वर्गीकरण १९५९ सालचं आहे आणि अजून रोज वापरात आहे. मग प्रश्न सुरू होतात.

“नाडी लागत होती?”

“हो मॅडम.”

“कुणी पाहिली?”

“कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनी पेपरवर लिहिलंय.”

“तू पाहिलीस?”

या तिसऱ्या प्रश्नाशी खोलीतला प्रत्येक जेआर ताठ बसतो. या फ्रॅक्चरमध्ये हाडाचं टोक पुढच्या रक्तवाहिनीवर दाब देऊ शकतं. नाडी लागत नाही पण हात गुलाबी आणि गरम आहे, की हात पांढरा आणि गार आहे, यावर रात्रीचे पुढचे दोन तास ठरतात. नंतर नसा. अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायला सांगायचं. गोल न होता बोटांची टोकं सपाट चिकटली तर अँटिरिअर इंटरऑसियस नस दुखावली असं समजायचं. रडणारं पोर हे का करेल? मग आमचा एक जेआर काय करतो, तर स्वतःच्या डोळ्याला बोटांचा चष्मा लावतो आणि पोराला म्हणतो, “तुझा चष्मा दाखव.” पोर दुसऱ्या, चांगल्या हाताने आधी करतं, मग दुखऱ्या हाताने प्रयत्न करतं. ही युक्ती त्याला कुणी व्याख्यानात सांगितलेली नाही. मीटिंगमध्ये त्याने ती सांगितली आणि आता सगळे वापरतात. शिक्षण असंच पसरतं.

या मीटिंगचं मोल एवढ्यासाठी की तिथे निर्णय तोंडाने सांगावा लागतो. हाड बसवून दोन वायर कोपराच्या बाहेरच्या बाजूने घालायच्या की एक बाहेरच्या आणि एक आतल्या बाजूने, आतल्या बाजूने घालताना तिथली अल्नर नस कशी वाचवणार, सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र) बंद पडला तर काय करणार. ‘सरांनी सांगितलं म्हणून’ हे उत्तर तिथे चालत नाही.

पण त्याच मीटिंगची मर्यादाही याच केसमध्ये दिसते. दुसऱ्या दिवशी ऑपरेशननंतरचा एक्स-रे पडद्यावर येतो. वायर नीट आहेत, हाड बसलेलं आहे. “छान,” असं कुणीतरी म्हणतं आणि पुढची केस येते. आता या फ्रॅक्चरची ठरलेली गुंतागुंत म्हणजे क्युबिटस व्हॅरस, हात कोपरातून आत वाकणं. ती त्या दिवशी दिसतच नाही. वायर तीन-चार आठवड्यांनी काढतात, कोपर पूर्ण सरळ व्हायला आणखी वेळ जातो, आणि हात सरळ झाल्यावरच वाकडेपणा नजरेला येतो. तोवर आईला वाटत असतं की प्लास्टरमुळे असेल. म्हणजे ‘छान’ म्हणायची वेळ तीन महिन्यांनी यायला हवी होती, आणि तेव्हा खोलीत ते पोर नसतं, तो जेआरही नसतो.

विभागाच्या नोटीस बोर्डवर आठवड्याचं वेळापत्रक लावलेलं असतं: एक दिवस सेमिनार, एक दिवस जर्नल क्लब, एक दिवस केस प्रेझेंटेशन, महिन्यातून एकदा ऑडिट. राष्ट्रीय वैद्यक आयोगाचा अभ्यासक्रम सक्षमतेवर आधारलेला आहे आणि वाचायला चांगला आहे. ज्ञान, वृत्ती आणि हाताचं कौशल्य अशा तिन्ही बाजू त्यात मांडलेल्या आहेत. लॉगबुक आहे, संशोधन पद्धतीचा कोर्स आहे, प्रबंध आहे. अडचण कागदाची नाही, वेळेची आहे. सेमिनार दुपारी दोनला ठेवला तर ओपीडी तीनपर्यंत संपत नाही. बोलणाऱ्या जेआरचा फोन कॅज्युअल्टीतून वाजतो. आणि ऐकणाऱ्यांतला निम्मा वर्ग इमर्जन्सी करून आलेला असतो. खोलीत दिवे घालवले की त्यांचे डोळे मिटतात. त्यांना झोप लागते याचा मला कधीच राग येत नाही. सलग बारा तासांपेक्षा जास्त आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त ड्युटी सहसा नसावी, असं केंद्र सरकारच्या निवासी योजनेत १९९२ सालीच लिहिलेलं आहे. अमेरिकेत २००३ साली आठवड्याची मर्यादा ८० तास ठरली तेव्हा तिथे मोठा वाद झाला होता. आपल्याकडे वाद होण्याएवढी अंमलबजावणीही झालेली नाही. झोपलेल्या माणसाला कुठलाही अभ्यासक्रम शिकवता येत नाही, आणि ही गोष्ट शिक्षणाच्या चर्चेत पहिली यायला हवी, शेवटच्या पानावर नव्हे.

अमेरिकेतल्या एका प्रथेचा मात्र मला खरोखर हेवा वाटतो. तिथे अस्थिरोगाचा निवासी अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे आणि १९६३ पासून सगळ्या निवासी डॉक्टरांची दरवर्षी एक चाचणी होते. पदवी देण्यासाठीची ती परीक्षा नव्हे. आपण कुठल्या विषयात मागे आहोत हे त्या डॉक्टरला कळावं, आणि आपला विभाग कुठला विषय नीट शिकवत नाही हे शिक्षकांना कळावं, यासाठी ती आहे. आपल्याकडे तीन वर्षं काम करून घेतात आणि शेवटी एका परीक्षेत सगळं विचारतात. मधे कुणी आरसा धरत नाही.

हाताचं कौशल्य शिकवण्यात मात्र गेल्या काही वर्षांत आपण खूप पुढे आलो आहोत. पूर्वी पहिलं छिद्र माणसाच्याच हाडात पाडलं जायचं. आता आधी प्लास्टिकच्या हाडावर, ज्याला सगळे ‘सॉबोन’ म्हणतात. या कार्यशाळा पाहायला मला फार आवडतं. टेबलाला चिमट्यात आवळलेलं हाड, समोर प्लेट, ड्रिल, डेप्थ गेज, स्क्रू. पहिल्या वर्षाची मुलगी ड्रिल दोन्ही हातांनी धरते. तिच्याही मनात कुणीतरी भरवलेलं असतं की ऑर्थोला ताकद लागते. ती जोर लावते, ड्रिल जवळची भिंत भेदतं, मधल्या पोकळीत मोकळं होतं, पलीकडच्या भिंतीला टेकतं, आवाज जाड होतो, आणि मग एकदम आरपार जाऊन टेबलावर आदळतं. शिकवणारा तिला थांबवतो आणि हाडाच्या मागे आपलं बोट धरून दाखवतो: इथे रक्तवाहिनी असते, इथे नस असते. दुसऱ्यांदा ती एका हाताची करंगळी हाडावर टेकवून आधार घेते, आवाज जाड झाला की जोर कमी करते. तिसऱ्या-चौथ्या छिद्रापर्यंत ती डोळ्यांपेक्षा कानाने काम करू लागते. ताकदीचा प्रश्न तिथेच मिटतो. ऑर्थोमध्ये मुली अजून फार कमी येतात. अशा एका टेबलापाशी एखादी इंटर्न उभी राहिली तर तिचं मन वळू शकतं, असा माझा अनुभव आहे.

या कार्यशाळांचा उगम स्वित्झर्लंडमध्ये आहे. १९५८ साली मॉरिस म्युलर आणि त्यांच्या सहकारी सर्जनांनी बीलमध्ये एओ हा गट स्थापन केला आणि डिसेंबर १९६० मध्ये दावोसला पहिला कोर्स घेतला. सर्जननी टेबलापाशी उभं राहून, हातात अवजारं घेऊन, हाडांवर सराव करायचा ही तेव्हा नवी गोष्ट होती. आज जगभर तेच चालतं. पण त्या मंडळींनी आणखी एक गोष्ट तेव्हापासूनच लावून धरली होती, आणि ती आपण उचलली नाही. प्रत्येक ऑपरेशनची नोंद ठेवायची, आणि त्याच रुग्णाची वर्षभरानंतरची नोंद आणि एक्स-रे दावोसच्या केंद्रात जमा करायचे. प्लेट आणि स्क्रूवर लोकांचा विश्वास नव्हता, म्हणून त्यांना परिणाम दाखवणं भाग होतं. कौशल्य आणि हिशेब ही जुळी भावंडं होती. कोर्समधून कौशल्य आपल्याकडे आलं, हिशेब तिकडेच राहिला.

परिषदांबद्दल बोलायचं तर मी त्यांच्या बाजूची आहे. भारतीय अस्थिरोग संघटना १९५५ सालची. तिच्या वार्षिक परिषदा होतात, महाराष्ट्राच्या संघटनेची वेगळी परिषद होते, मुंबईची मंडळी वायरॉक भरवतात, आणि परीक्षेच्या आधी ठिकठिकाणी पीजी टीचिंग कोर्स होतात. लहान कॉलेजच्या जेआरला या कोर्सेसमधून जे मिळतं ते त्याच्या विभागात मिळू शकत नाही. लाँग केस (परीक्षेत सविस्तर तपासून मांडायचा रुग्ण) कशी मांडायची, क्षयाचा खुबा आणि पर्थीस या लहान मुलांच्या आजारातला खुबा तपासताना हात कुठे वेगळा पडतो, ऑर्थोटिक्सच्या (आधाराच्या पट्ट्या, कृत्रिम अवयव यांच्या) टेबलावर परीक्षक काय उचलून हातात देतो. खऱ्या रुग्णाला समोर बसवून, शंभर-दोनशे मुलांसमोर, ज्येष्ठ प्राध्यापक खुब्याची हालचाल मोजतात तेव्हा मागच्या रांगेतली मुलं खुर्चीवर उभी राहून बघतात. पुस्तकातली थॉमस टेस्ट, म्हणजे खुब्याचा लपलेला वाकडेपणा शोधायची तपासणी, त्या दिवशी पहिल्यांदा कळते.

मुख्य सभागृहात मात्र एक सवय बळावली आहे, तिच्याविरुद्ध मी ज्या व्यासपीठावर संधी मिळेल तिथे बोलते. स्लाइडवर आधीचा एक्स-रे, नंतरचा एक्स-रे. आधी हाडाचे पाच तुकडे, नंतर सरळ रेषेत सगळं. टाळ्या. फोटोतल्या रुग्णाने हात वर केलेला असतो, आणि तो फोटो कितव्या आठवड्यातला आहे हे स्लाइडवर लिहिलेलं नसतं. समोर बसलेला जेआर यातून शिकतो की एवढं हाड असं जोडता येतं. ते जोडायला हवं होतं का, न जोडता काय झालं असतं, असे दहा रुग्ण केले तर किती जणांना जंतुसंसर्ग झाला, हे तो शिकत नाही. ज्येष्ठ माणसाने आपली न जुळलेली हाडं, मोडलेल्या प्लेटा, पुन्हा करावी लागलेली ऑपरेशनं मांडली की त्या सत्राला कधीही जागा पुरत नाही, हेही मी पाहिलेलं आहे. मुलांना ते हवं असतं.

एकशे दहा वर्षांपूर्वी बोस्टनमध्ये एका सर्जनने हेच मागितलं होतं. अर्नेस्ट कॉडमन. खांद्याच्या आजारांमुळे आपल्याला त्यांचं नाव ठाऊक असतं, पण त्यांचं खरं काम दुसरं होतं. प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड ठेवायचं, आणि वर्षभराने त्याला पुन्हा पाहून लिहायचं की उपचाराचा उपयोग झाला का, झाला नसेल तर का नाही. याला ते अंतिम परिणामाची कल्पना म्हणत. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये बढती ज्येष्ठतेने मिळत असे, परिणामांवर नव्हे. त्याच्या निषेधार्थ त्यांनी १९१४ साली राजीनामा दिला. स्वतःचं छोटं रुग्णालय चालवलं आणि तिथल्या ३३७ रुग्णांचा हिशेब छापून प्रसिद्ध केला. त्यात १२३ चुका नोंदवल्या होत्या. कुठली चूक कौशल्याची, कुठली निर्णयाची, कुठली निदानाची, हेही लिहिलं होतं. त्यांच्या हयातीत त्यांना याबद्दल मान मिळाला नाही, मित्रही तुटले. मला मोल वाटतं ते त्या कार्डाचं. वर्षभराने परत बघायचं, एवढी साधी अट.

आपल्याकडे ती अट प्रबंधात दिसायला हवी होती, कारण प्रत्येक जेआरला प्रबंध लिहावाच लागतो. पण हिशेब करून बघा. पहिले काही महिने विषय, सिनॉप्सिस आणि एथिक्स कमिटीत जातात. प्रबंध परीक्षेच्या सहा महिने आधी सादर करायचा असतो. उरलेल्या वेळात रुग्ण गोळाही करायचे आणि पाहायचेही. त्यामुळे शेवटी आलेल्या रुग्णाचा फॉलो-अप जेमतेम सहा महिन्यांचा भरतो, आणि निष्कर्षात ‘परिणाम उत्तम’ असं लिहिलं जातं. आणि उत्तम ठरवायचं कशावरून? परदेशी गुणपत्रकावरून.

खुब्याच्या फ्रॅक्चरवरचे आपल्याकडचे कितीतरी प्रबंध हॅरिस हिप स्कोअरवर उभे आहेत. योगायोग असा की विल्यम हॅरिसही कॉडमन यांच्याच बोस्टनच्या त्याच रुग्णालयातले. त्यांनी १९६९ साली हे शंभर गुणांचं माप दिलं. दुखण्याला ४४ गुण. जिना चढण्याला ४. बूट-मोजे घालता येण्याला ४. साध्या खुर्चीत तासभर आरामात बसता आलं तर ५. सार्वजनिक वाहनात चढता आलं तर १. बोस्टनच्या माणसासाठी हे माप नेटकं आहे. उकिडवं बसणं, मांडी घालणं, जमिनीवरून उठणं याला त्यात एकही गुण नाही.

आमच्या एका जेआरचा प्रबंध खुब्याच्या इंटरट्रोकँटरिक फ्रॅक्चरवर होता. त्याने फोन करकरून जुने रुग्ण बोलावले. त्यात एक आजी नातवाबरोबर एसटीने आल्या. पीएफएन (मांडीच्या हाडात आतून घालायचा खिळा) टाकून वर्ष उलटलं होतं. एक्स-रे सुंदर, हाड पूर्ण जुळलेलं. हातात काठी, पण चालणं चांगलं. जेआर फॉर्म भरू लागला.

“आजी, मोजे-बूट घालता येतात?”

“मोजं? ते कशाला रं बाबा?”

तो माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला म्हटलं, तो रकाना राहू दे, सकाळी उठल्यापासून त्या काय काय करतात ते विचार.

“उठते. च्या पिते. चुलीपुढं न्हाई बसत आता, सून बघती समदं. देवळात बी दारातनंच हात जोडते.”

“का? दुखतं का?”

“दुखत न्हाई. पण खाली बसायचं न्हाई म्हनून तुमीच सांगितलंय की.”

आणि त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून डिस्चार्ज कार्ड काढलं. घड्यांवर झिजलेलं, जपून ठेवलेलं. त्यावर छापील ओळ होती: खाली बसू नये, मांडी घालू नये. किती दिवस ते लिहिलेलं नव्हतं. टेबलावर झोपवून पाहिलं तर खुबा पूर्ण वाकत होता, गुडघेही साथ देत होते. जेआरने त्यांना आधी बुटक्या स्टुलावर बसवलं, मग भिंतीचा आधार देऊन हळूहळू जमिनीवर. बसल्या. नातवाचा हात धरून उठल्या. मग कुणी न सांगता पुन्हा बसल्या.

फॉर्मप्रमाणे त्या आधीही ‘उत्तम’ गटातच होत्या. वर्षभर जमिनीला न टेकलेली बाई कागदावर उत्तम होती. त्या दिवसानंतर त्या जेआरने प्रबंधाला स्वतःचं एक पान जोडलं: उकिडवं, मांडी, जमिनीवरून उठणं, चुलीपुढे किंवा शेतात बसून काम, देऊळ, एसटीची पायरी. गाईडने ते मान्य केलं. आता आमच्या विभागात कार्डावर त्या छापील ओळीपुढे हाताने तारीख लिहितात आणि ‘या तारखेला दाखवून मगच बसणे’ असं घालतात. सगळ्यांना बसू देता येत नाही हे उघड आहे. कृत्रिम सांधा बसवलेल्यांना कित्येकदा कायमचं बसू नका असंच सांगावं लागतं. पण मग ते ऑपरेशनच्या आधी सांगायचं असतं, आणि घरात उंच संडास आहे का हेही तेव्हाच विचारायचं असतं.

जमिनीवर बसणारा माणूस डोळ्यासमोर ठेवून काम केलं तर काय घडतं याचं उदाहरण आपल्याच देशात आहे, आणि ते परीक्षेच्या टेबलावरही असतं. जयपूर फूट. डॉ. पी. के. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो पाय अनवाणी चालणाऱ्या, चिखलात उतरणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या माणसासाठी घडवला. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परीक्षेत मुलं घडघडा सांगतात: रबर, घोट्यात सगळ्या दिशांनी हालचाल, बुटाची गरज नाही. हा पाय असा का, हा प्रश्न विचारला की थबकतात. तसंच मणक्याच्या क्षयाचं. डॉ. एस. एम. तुली यांनी बनारसला मध्यममार्ग मांडला, औषधांवर भर द्यायचा आणि ठरावीक कारणांसाठीच ऑपरेशन करायचं, तेव्हा त्यामागे वर्षानुवर्षं पाहिलेले रुग्ण होते. ते रुग्ण परत आले नसते तर तो मार्ग सापडला नसता. परीक्षेत आपण मार्ग विचारतो, तो कसा सापडला हे विचारत नाही.

पोलिओचं थोडं निराळं आहे. देशातला शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला. आजच्या जेआरने ताजा पोलिओ पाहिलेला नाही, तरी परीक्षेत जुन्या पोलिओचा पाय शॉर्ट केस (थोडक्यात तपासायचा रुग्ण) म्हणून येतो. तो काढून टाकावा असं काहीजण म्हणतात. मला वाटतं राहू द्यावा. लहानपणी स्नायूबंध हलवण्याचं ऑपरेशन झालेला पन्नाशीचा माणूस समोर बसतो तेव्हा चाळीस वर्षांनंतरचा परिणाम एकदाच तरी मुलाला दिसतो. दुसरी अशी केस परीक्षेत क्वचितच असते.

आता करायचं काय. मी विभागात एक प्रस्ताव ठेवला आहे. महिन्यातून एक सकाळची मीटिंग नव्या फ्रॅक्चरची नव्हे, परत आलेल्या रुग्णांची. वर्षापूर्वी त्याच महिन्यात ऑपरेशन झालेले चार-पाच रुग्ण बोलवायचे, माणूस समोर, एक्स-रे बाजूला. ज्याने ती इमर्जन्सी केली होती तो जेआर कुठल्याही युनिटमध्ये असला तरी त्याने यायचं आणि त्यानेच सांगायचं. आधी रुग्ण चालणार, बसणार, उठणार, एक्स-रे शेवटी. वाकलेलं कोपर, आखूड झालेला पाय, अवघडलेला गुडघा सगळ्यांनी पाहायचा. कुणाचं नाव घेऊन बोट दाखवायचं नाही, पण कारण शोधल्याशिवाय पुढची केस घ्यायची नाही. लॉगबुकमध्ये जसं ‘किती ऑपरेशनं केली’ लिहितात, तसं ‘केलेल्यांपैकी किती जण वर्षाने पाहिले’ असा रकाना घालायचा.

दुसरं, जिल्हा निवासी कार्यक्रम. आता प्रत्येक पीजीला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावंच लागतं. बऱ्याच मुलांना ते ओझं वाटतं, कारण त्या दिवसांत मोठी ऑपरेशनं हुकतात. मला ती या कामासाठी आयती संधी वाटते. आमच्याकडे ऑपरेशन झालेले अर्धेअधिक रुग्ण त्याच जिल्ह्यांतले असतात. जाणाऱ्या जेआरबरोबर त्या तालुक्यांतल्या रुग्णांची यादी द्यायची. त्यांना शंभर-दीडशे किलोमीटर कॉलेजला यावं लागणार नाही. जिल्हा रुग्णालयात एक्स-रे होतो, तपासणी होते. शिवाय तिथला जेआर त्यांचं घर, उंबरा, संडास, शेताचा बांध जाऊन पाहू शकतो. हाडवैद्याकडून पट्टी बांधून घेतलेला रुग्ण आपल्याकडे उशिरा का आला, हेही त्याला तिथेच कळतं. कॉलेजच्या कॅज्युअल्टीत तो रुग्णावर चिडण्यापलीकडे काही करू शकत नाही.

सहकाऱ्यांची हरकत एकच आहे आणि ती रास्त आहे: रुग्ण येणार कसे? ज्याचं हाड जुळलं, त्याला एका दिवसाची मजुरी बुडवून यायचं कारण नसतं. फोन नंबर बदललेले असतात. म्हणून मी सुरुवात खुब्याच्या फ्रॅक्चरपासून करू म्हणते आहे. हे रुग्ण बहुतांशी वयस्कर, त्यात बायका जास्त. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे, आणि २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. प्रश्न उरतो सोबत येणाऱ्या मुलाच्या किंवा नातवाच्या तिकिटाचा आणि दुपारच्या जेवणाचा. एका मीटिंगला चार-पाच रुग्ण धरले तर ही रक्कम परिषदेच्या एका डेलिगेट फीपेक्षाही कमी भरेल. ती विभागाच्या शैक्षणिक निधीतून मिळावी असा अर्ज दिलेला आहे. यादी काढायचं काम जेआर-वनच्या मुलांनी ऑपरेशन थिएटरच्या रजिस्टरवरून सुरूही केलं आहे.